नंबर पाडायचं यंत्र

ओरोपोईच्या पुढे रस्ता संपतो, मग नुसती दिशा उरते.
लँड क्रूझरच्या मागच्या सीटवर, माणसाच्या जागी,
पट्ट्याने बांधून बसवलेलं असतं यंत्र.
चौदा किलो. पोलादावर टिंब टिंब टोचत
आकडा पाडतं: देशाची दोन अक्षरं, एक चांदणी, सात अंक.
एका बंदुकीला चाळीस सेकंद.
मी ते चालवतो. माझं नाव एरेगाए, लोडवारला शिकलो,
आणि माझी भाषा आता ऑफिसची झालीय
असं आई म्हणते.

बाभळीखाली पंधराएक जण, आपापल्या लाकडी बैठकीवर,
बंदुका मांडीवर आडव्या,
पेंगुळलेल्या पोरांसारख्या.
मी कागद वाचतो:
अमुक शहरात तमुक देश बसले, सह्या झाल्या,
प्रत्येक हत्याराला ओळख असावी,
हरवलं तर माग काढता यावा.
माग हा शब्द त्यांना पटतो.
मागावरच जगतात सगळे,
खुरांच्या, शेणाच्या, मोडलेल्या काडीच्या.

जिराफी ठिपक्यांच्या बैलावरून
ज्याला अपालोकोरी म्हणतात, तो बसूनच बोलतो.
"गुरांचे कान आम्ही कापतो. खूण आमची.
हे माझं, एवढं सांगायला.
तुझी खूण काय सांगणार?
बंदूक माझी, की मी तुमचा?"

कोणी हसलं नाही. जनरेटर तेवढा खोकला.

"डोंगरापलीकडच्यांच्या बंदुकांवर पाडलेत आकडे?"
पाडणार आहेत, मी म्हणालो. पुढच्या वर्षी.
"पुढच्या वर्षी," तो म्हणाला,
आटलेल्या विहिरीत दोरी सोडून बघावी तसं.

"माझ्या भावाने दिली होती बंदूक.
तेव्हा आकड्याची भानगड नव्हती, देऊनच टाका म्हणायचे.
बदल्यात मिळाला नांगर.
नांगर! या दगडात.
तीन महिन्यांनी पहाटे आले ते.
एकसष्ट उंट नेले. भाऊ नांगरापाशी पडलेला.
दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, पोरा.
आमचं भांडंच फुटलंय."

याचं छापील उत्तर होतं माझ्याकडे, पान नऊवर.
काढलं नाही.

मग तो उठला. यंत्राच्या सुईवर बोट ठेवलं.
"ही गोळीवर चालते?"
नाही.
"का? बंदूक तर माझ्यापाशीच असते, रात्री उशाला.
जाते ती गोळी.
जे जातं, त्याला खूण नको?
तिथे शहरात कोणी विचारलं नाही हे?"

विचारलं असेल. खूप रात्र झाली असेल,
दुभाषे थकले असतील,
आणि कोणा एका देशाने त्या ओळीवर
हलकेच रेघ मारली असेल.
मला माहीत नाही. मला यंत्र माहीत आहे.

अकरा बंदुका झाल्या त्या दिवशी.
आकडा घेणाऱ्याला गस्तीचं ओळखपत्र मिळत होतं, म्हणून.
त्याची नाही झाली.

सामान बांधताना त्याची भावजय आली, नापेयोक.
गळ्यात मण्यांचे थर, त्यांत अडकवलेली पितळी पुंगळी,
चामड्याचं बूच लावलेली. तपकीर ठेवते त्यात.
चिमूटभर मला दिली,
मग पुंगळी उपडी करून बूड माझ्या डोळ्यांसमोर धरलं.
"नांगराखालच्या मातीत सापडली," म्हणाली.
"तू आकडेवाला ना? वाच."

वरती तीन अंक, खाली दोन,
तिच्या अंगठ्याने घासून घासून जवळजवळ पुसलेले.
टॉर्च लावून वाचले मी. मोठ्याने. दोनदा.

ती तशीच उभी राहिली,
जणू आकड्यानंतर
नाव यायचं होतं.