उतार

आधी भोपळ्याला कळलं.
मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या
अकरा भोपळ्यांपैकी एकाच्या बुडाला
चार आण्याएवढी बुरशी आली.
मी फडक्यानं पुसली.
आठ दिवसांनी पुन्हा आली, आता रुपयाएवढी.

मिरजेत आमच्या गल्लीत सगळं ठोकून ऐकतात :
लाकूड, भोपळा, सौद्याला आलेला माणूस.
तरी पायाखालची फरशी
मी कधी ठोकली नव्हती.
त्या दिवशी पटाशीच्या मुठीनं ठोकली
आणि ती बोलली.
खर्जात, लांब,
चांगला तंबोरा बोलावा तशी.
अंगावर काटा आला.
एरवी पोकळी मी पैसे मोजून विकत घेतो,
ही फुकट आली होती.

यल्लाप्पा मिस्त्री आले. सायकल भिंतीला, चपला बाहेर.
लगेच काही खणलं नाही.
म्हणाले, नीळ आणा, कपड्याची.
न्हाणीच्या मोरीत बादलीभर निळं पाणी ओतलं
आणि चहा पीत बसले.
"उद्या बघू, कुठं उगवतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी
मी जिथं बसून जवारी काढतो त्याच कोपऱ्यात
फरशीच्या सांध्यातून निळी रेघ वर आली,
शाळेतल्या पोराचं पेन गळावं तशी.
बायको म्हणाली, म्हणजे सोळा वर्षं
आपण आंघोळ करून
आपल्याच खाली ओततोय.

खणलं. दोन हात खाली चिनी मातीचा पाइप,
त्याच्या जोडात शेवग्याचं मूळ, दाढीसारखं वाढलेलं.
शेवगा मीच लावला होता.
जोडातून थेंब थेंब, आणि थेंबांनी वाहून नेलेली माती :
पोर मांडी घालून बसेल एवढी जागा.
आमची ही काळी जमीन. प्यायली की फुगते,
वाळली की भेगाळते,
आणि घर तिच्यावर
झोपलेल्या म्हशीवर बगळा बसावा तसं.

नवा पाइप. मग मुरूम.
वीतभर थर, पाणी, धुम्मस.
पुन्हा वीतभर, पाणी, धुम्मस.
मला घाई. एका बाईंची जोडी मृगाआधी पोचवायची होती.
यल्लाप्पा वर न बघता म्हणाले,
"भोपळा किती दिवस वाळवता तुम्ही?"
मी गप्प.

घराभोवती दोन फुटी पट्टी, बाहेरच्या अंगाला कललेली.
तिच्या कडेनं गटार.
पन्हळीचं पाणी आता पायाशी पडायचं नाही.
उतार आधी नळीनं मापला,
पण शेवटी त्यांनी खिशातून काचेची गोटी काढली, गटारात ठेवली,
आणि ती गेली, कुठं न अडखळता, पार फाटकापर्यंत.
मी टाळी वाजवली.

"झालं?"
ते फाटकाबाहेर बघत होते.
सखल बाजूला जुबेदाबी अत्तारांची भिंत,
आतून तिला टेकलेली उदबत्त्यांची खोकी.
"पाणी घालवलं म्हणू नका, मालक.
कुठं पोचवलं ते सांगा."

आणखी बावीस फूट. दोन चेंबर.
रात्री हिशेब केला, जवळजवळ एक तंबोरा गेला.
सकाळी जुबेदाबींनी वाळूचे निम्मे पैसे दिले
आणि छत्री उघडून उन्हात खुर्ची टाकली,
काम संपेपर्यंत उठल्या नाहीत.
पुढं नाल्याशी महापालिकेची जाळी तुंबलेली होती,
ती अजून तुंबलेलीच आहे, अधूनमधून आम्हीच काढतो :
प्लॅस्टिक, नारळाची शेंडी, एकदा कुणाची तरी कवळी.

शेवगा तोडला. शेंगांची आमटी आठवते.

आता दर वैशाखात झाकण उचलून
वाकून बघतो, पाणी चाललंय का.
मग घरभर फरशा ठोकत फिरतो.
ठक्. ठक्. मुका, बद्द आवाज,
माझ्या धंद्यात असा आवाज आला
तर माल परत येतो.

उंबऱ्याजवळची एक फरशी मात्र अजून बोलते.
ती बसवू का, विचारलं होतं.
यल्लाप्पा सायकलला टांग मारत म्हणाले,
राहू दे. कान जागा राहतो.