सातवी घडी

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं,
म्हणून वर्ग निम्माच भरला.
बाकीचे घागरींच्या रांगेत.

माझा फोन कंपासपेटीला टेकून उभा,
आणि त्याच्यापुढे एकोणीस डोकी,
सरकत सरकत एकमेकांत घुसलेली,
सगळ्यांना मिळून एकच खोबरेल वास.

आज जपान, मी म्हटलं,
परवाच तिथून आल्यासारखं.
मी हैदराबादच्या पुढं गेलेली नाही,
तेही नणंदेच्या लग्नाला.

पडद्यावर एका शाळेचं दार. बूट काढून ठेवणारी मुलं.
‘मग? आपण बी काढतोय की.’
मुलं रांगेत ओणवी होऊन फरशी पुसतात.
यादगिरीनं हात वर केला :
‘मिस, त्यांच्या शाळेत बी शिपाई न्हाई?’
मी शिस्त, श्रमसंस्कार वगैरे सांगितलं.
ते त्यानं वहीत लिहून घेतलं.
शिपाई नाही, हेही लिहिलं.

जेवणाआधी ते हात जोडून म्हणतात
इतादाकिमास.
एकोणीस तोंडांनी खिचडीपुढे तेच म्हटलं,
आणि नरसम्मा पळी आपटत बाहेर आल्या :
‘ताई दे की मास? मास कुठलं रं!
डाळ घातलीय तीच खावा.’
त्या दिवशी जपान सगळ्यांना पाठ झाला.

दुपारी कागदाचा पक्षी.
त्सुरु, मी म्हणाले. क्रौंच.
‘कोंगा,’ मागून कुणीतरी तेलुगूत म्हणालं.
‘करकोचा,’ इरण्णा म्हणाला, ‘थंडीत
हिप्परग्याच्या तळ्यावर येतात, मामानं दाखवलेत.’
एका पक्ष्याला चार नावं झाली
आणि अजून चौकोनी कागदच हातात.

सहा घड्या नीट झाल्या.
सातवीला चक्र फिरायला लागलं.
पडद्यावरचे दोन गोरे हात
कागद अर्धा उचलून थांबले,
पत्रा तापलेला, रेंज गेलेली,
मी फोन खिडकीबाहेर धरून
गरगर फिरणाऱ्या ठिपक्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते.

वळले तर भार्गवी यनगंदल
मान मोडून, पंख ओढून मोकळी.
पक्षी बाकावर उभा.
‘तुला कसं गं कळलं पुढचं?’
‘पान असंच मोडतंय की, मिस.’
आणि अंगठ्याच्या नखानं, हवेतच,
तिनं एका न दिसणाऱ्या विडीचं तोंड दाबून बंद केलं.
एकदा. दोनदा. इतकं झरझर
की तिचं तिलाही लक्षात आलं नसावं.

जूनमध्ये एक तक्ता भरला होता मी.
वर्गातील किती मुले विड्या वळतात?
शून्य.
खाली माझी सही, आडवी रेघ मारलेली.

हजार पक्षी केले की इच्छा पुरी होते,
असं तिकडे मानतात, मी घाईघाईनं सांगितलं.
भार्गवीला हसू आलं.
‘हजार? अम्माचं रोजच हजार होतंय.’
मग जरा थांबून, हिशेब करत :
‘सुट्टीला मी बी असते. तवा बाराशे.’

दुसऱ्या दिवशी तिनं आणला तेंदूच्या पानाचा करकोचा.
रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवलेलं पान,
नाहीतर तडकतं, तिनंच समजावलं मला.
तपकिरी, शिरा उठलेला, एक पंख जरा फाटका,
नाकाजवळ नेला तर तंबाखू.
मी टाळ्या वाजवायला लावल्या.
मी सगळ्यात उशिरा वाजवल्या.

रात्री घरी, साडेअकराला,
तो व्हिडिओ आपोआप पुढं सरकला.
गोरे हात सावकाश, अगदी सावकाश
सातवी घडी उलगडून दाखवू लागले.
मी विजेचं बिल चौकोनी कापलं
आणि बसले त्यांच्यामागं मोडत.
दोनदा चुकले.
तिसऱ्यांदा पंख आले, मान काही केल्या वळेना.