उजवा खिसा

ऑर्विल टीगच्या दुकानात काचेखाली
हिरव्या बनातीवर ती मांडलेली,
बाजारात मासे मांडावेत तशी, सगळी तोंडं एकीकडे.
"ठेवणार कुठं?" त्यानं आधी हेच विचारलं.
कशाला हवंय, ते नाही.
त्याचं उत्तर मी घरून तयार करून नेलं होतं:
फेब्रुवारी, न्यूकर्कच्या पुढचा खडीचा रस्ता,
अकरा मैल माझ्या मागं आलेला
दिवे विझवलेला पिकअप.
ते उत्तर तसंच राहिलं, घडी न मोडता.

म्हटलं, खिशात. या कपड्यांच्या.
निळे, पातळ, शंभरदा धुतलेले नर्सचे कपडे.

पहिलं देखणं होतं, आणि तेवढंच.
दुसऱ्यानं खिसा असा लोंबला
की मला नाडी पुन्हा बांधावी लागली.
तिसरं तळहाताएवढं.
करंगळीला धरायला जागाच नाही,
ती आपली अधांतरी,
चहाचा कप धरताना काही बायका उचलतात तशी.
"लहान असतं तेच जास्त उसळतं," ऑर्विल म्हणाला,
"हे झाडायला सुख नाही. बाळगायला आहे."
म्हटलं, माझी धाकटी बहीण अगदी अशीच.
तो हसला नाही.

स्लाइड मागं जाईना. अंगठ्यात संधिवात.
बावीस वर्षं माणसांना कुशीवर वळवणारे हे हात
एका स्प्रिंगपुढे हरले, दोनदा.
"ओढू नका, डेल्फा. ढकला.
एका हातानं धरा, दुसऱ्यानं पुढं ढकला."
खट्.
आवाज ओळखीचा वाटला,
औषधाच्या पेटीची कडी लागते तसा.

कपड्यांच्या दुकानात असतो तसा तिथं उंच आरसा.
वळले. वाकले.
वरच्या फळीवरचं काही काढावं तसा हात उंचावला.
काडतुसं मोजणारा एक म्हातारा मागून म्हणाला,
"पेपरमिंटची डबी वाटते."

पैसे मोजताना ऑर्विलनं बजावलं:
आधी सराव, आणि चामडी म्यानाशिवाय ठेवायचं नाही.
आणि हो, त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही.
किल्ली नाही, चिल्लर नाही, रुमालसुद्धा नाही.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजवा खिसा रिकामा केला.
पेन. थर्मामीटरची टोपी.
ओकच्या झाडाचं एक फळ, कधीचं कोण जाणे.
आणि चुरचुरत्या कागदातल्या पांढऱ्या-लाल गोळ्या, नऊ.
सगळं डावीकडे हलवलं.
डावा हात माझा बिचारा, त्याला काही सापडत नाही.

मंगळवारी एमॉस बर्कहाल्टर.
वय अठ्ठ्याऐंशी. बायकोचं नाव गेलं, गावाचं गेलं,
चमचा कशासाठी असतो तेही सकाळी गेलेलं असतं.
उरलंय एकच: ही बाई येते,
हाताला पट्टा गुंडाळते,
आणि तिच्या उजव्या खिशात गोळी असते.
तीन वर्षं तो स्वतःच हात घालून काढतो.
मी छताकडे बघते, कळलंच नाही असं दाखवते.

पट्टा फुगत होता.
त्याचा मोकळा हात निघाला, सवयीनं, न बघता.
आणि मी मागं सरले.
एवढ्या जोरात की रबरी नळी ताणली गेली
आणि यंत्र टेबलावरून खाली आलं.

हात तसाच हवेत राहिला.
मग त्यानं तो मांडीवर नेऊन ठेवला,
दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा.
"माफ करा, बाईसाहेब," म्हणाला.
तीन वर्षांत मी कधी बाईसाहेब नव्हते.

डाव्या खिशातून मी गोळी काढली, कागद सोडला,
तळहातावर पुढं केली.
त्यानं ती पाहिली. मला पाहिलं.
मान हलवली, अगदी अदबीनं.
अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही
हे त्याला कुणीतरी, ऐंशी वर्षांपूर्वी, नीट शिकवलं असणार.

वहीत लिहिलं: १६२ / ९४.
कारणाचा रकाना कोरा.

परतताना खडीच्या रस्त्यावर धूळ माझीच होती.
आरशात कुणी नाही.
गोळी मीच खाल्ली.