म्हणून मी

वहीतलं शेवटचं वाक्य असं आहे :
'छत्रीची काडी मोडली, म्हणून मी'
पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही.
तारीख मागच्या मार्चची.
आता फेब्रुवारी संपत आलाय,
बर्सलमच्या टेकडीवर पाऊस नाही, बर्फ नाही,
नुसतं ओलं राखाडी काहीतरी
सकाळपासून खिडकीला गाल लावून बसलंय.

म्हणून मी काय केलं?
आठवत नाही.
त्या क्षणी फोन वाजला एवढं आठवतं :
वाचनालयाच्या जिन्याची भिंत तुमची,
दोनशे चौदा फरश्या, कालव्याचं चित्र,
पैसे दोन हप्त्यांत.
पेन उघडंच राहिलं असणार.
शाईचा ठिपका चार पानं खाली उतरलाय.

अकरा महिने नखांत माती.
डेरेक ब्लोर, भट्टी सांभाळणारा,
सकाळी ओटच्या घावनात चीज गुंडाळून आणायचा,
'खाऊन घे, डक' म्हणायचा.
इथे प्रेमाने सगळ्यांनाच बदक म्हणतात.
हे समजायला मला पहिला अख्खा हिवाळा लागला,
आणि त्यावर मी तेव्हा तीन पानं लिहिली होती.
आत्ता सापडली.
किती वेळ होता मला.

कोबाल्ट कच्चा असताना निळा नसतो.
फिकट जांभळा असतो,
खूपदा धुतलेल्या पोलक्यासारखा.
लावताना डोळ्यांचं ऐकायचं नाही,
अकराशे अंशांवर तो काय होणार आहे
ते मनात धरून कुंचला चालवायचा.
हे तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.
पण संध्याकाळी माती धुतल्यावर
लिहिण्यापुरते हात उरायचे नाहीत.
खोटं कशाला, उरायचे.
टीव्हीचा रिमोट धरायचे.

आधी वाटलं, मधले महिने भरून काढू.
मे लिहिला. जून लिहिला.
हजेरीपटावर मागच्या तारखांच्या सह्या मारल्यासारखं वाटलं.
खोडले.

दर रविवारी, कुरुंदवाडला निर्मलाची दुपारची झोप झाली की,
मी तिला फोनवर आठवड्याचं पान वाचून दाखवायचे.
शेवटचं तेवढंच वाचलं होतं, छत्रीपर्यंत.
म्हटलं होतं, पुढचं पुढच्या रविवारी.
मग रविवार येत गेले, मी भट्टीच्या घाईत.
काल धीर करून सांगितलं, उद्यापासून पुन्हा वही.
ती म्हणाली, ते राहू दे,
काडी मोडली म्हणून तू काय?

मी गप्प.
पलीकडे चष्म्याच्या डबीचा टक्क असा आवाज.
आणि ती दुधाच्या हिशेबाच्या वहीतून वाचू लागली :

'नऊ जून. सतरा फरश्या तडकल्या. रडली नाही, नाक ओढत होती.
ऑगस्ट. खोकला. जिन्याचं माप चुकलं म्हणे, एक ओळ वाढली.
नोव्हेंबर. आज निळ्याबद्दल वीस मिनिटं बोलली.
मला काही कळलं नाही. छान वाटलं.
बावीस डिसेंबर. ती काही बोलली नाही, मीही नाही. अकरा मिनिटं.
म्हैस आटली.'

मी ऐकत राहिले,
शेजारच्या बिऱ्हाडातल्या कुणाबद्दल ऐकावं तसं.
मला कुणी सांगितलंच नव्हतं
की माझं वर्ष असं गेलं.

आज सोमवार.
एकशे बाराव्या फरशीत, लव्हाळ्यात, एक बदक बसलंय.
डेरेकने अजून ओळखलेलं नाही.
हे लिहायचं आहे. ओट संपलेत तेही.
पण त्याआधी दाराच्या मागे हात घातला
तर छत्री तिथेच,
काडी तशीच लोंबती.

त्या जुन्या अर्ध्या वाक्यापुढे, वेगळ्या शाईत, लिहिलं :
'काही केलं नाही. फरश्या केल्या.'

रविवारी वाचून दाखवेन.
निर्मला हसेल,
किंवा नुसतीच
दुधाच्या वहीत लिहून ठेवेल.