उर्होचं नाव एकदाच

आधी झाड होतं, इंगेला.
योतेबोर्गच्या गोदीतलं, पंचकार्डांवर वाढलेलं.
गोदीखाली जहाजं, जहाजाखाली विभाग,
विभागाखाली माणसं.
खाली पोचायचं तर वरूनच उतरायचं,
आणि प्रत्येक लेकराला बाप एकच.

उर्हो हाउतामाकी, वेल्डर, फिनलंडहून आलेला.
सकाळी एकशे बारा नंबरच्या तेलवाहू जहाजावर,
दुपारनंतर एकशे सतराच्या.
झाडाला हे चालत नव्हतं.
मग आम्ही त्याला दोनदा लिहिला:
दोन फांद्यांवर दोन उर्हो,
जन्मतारीख तीच, बुटाचं माप तेच, चव्वेचाळीस,
पत्ताही तोच,
घर बदलेपर्यंत.

मध्यंतरी कुणीतरी जाळं आणलं.
गाठीला गाठ, खुणेला पुढची खूण,
कुठूनही कुठेही जा, फक्त वाट पाठ हवी.
वाट पाठ होती एकट्या तुरे ब्येर्कला,
आणि तुरे अख्खा जुलै
फोन नसलेल्या बेटावर.

उर्हो नोव्हेंबरात गेला.
शिडीवर नाही, घरी, मोजे घालताना.
एकशे बाराखाली मी त्याला मृत लिहिलं.
एकशे सतराखाली तो जिवंत राहिला
आणि यंत्रानं इमानेइतबारे
त्याच्या बायकोला पत्र धाडलं:
आपले पती तीन आठवडे विनापरवाना गैरहजर आहेत.

आउने ते पत्र घेऊन आली.
काउंटरवर ठेवलं, हातानं घडी सरळ केली.
स्वीडिश तिचं मोडकंतोडकं.
म्हणाली, 'इथे नाही, तर कुठे हजर आहे?
सांगा. मी जाऊन भेटते.'

त्या हिवाळ्यात मी तक्ते आखले.
माणसांचा एक. जहाजांचा एक.
आणि तिसरा अरुंद, दोनच स्तंभांचा:
कोण, कशावर.
त्यात नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे,
एका हातात माणूस, दुसऱ्या हातात जहाज.
तुरे हसला. 'वाटा कुठायत?'
वाटा नाहीत.
विचारलं की होतात, उत्तर दिलं की पुसतात.
आपण काय हवं ते सांगायचं,
कसं आणायचं ते यंत्र बघेल.

गणितवाले याला संबंध म्हणतात.
ओळींचा संच, बाकी काही नाही.
शब्द ऐकून मला वाटलं होतं,
काहीतरी उबदार असेल.

नियम थोडेच.
प्रत्येक ओळीला स्वतःची किल्ली, दुसऱ्या कुणाला न लागणारी.
एक गोष्ट एकाच जागी.
जहाज पुसायला गेलीस तर आधी अडवेल:
याच्यावरची माणसं कुठे ठेवू?
(गोदीला टाळं लागलं
तेव्हा हे कुणी विचारलं नाही.)

आणि रिकामा रकाना. हा नीट समजून घे.
शून्य नव्हे. 'नाही' पण नव्हे.
माहीत नाही, एवढंच.
त्याची बरोबरी कशाशीच होत नाही,
शेजारच्या रिकाम्याशीही नाही.
तुझ्या-माझ्या नावापुढे शेवटची तारीख
अशी आहे.

आता जहाजं नाहीत.
एक क्रेन उरलीय, तिच्यावर समुद्रपक्षी.
तक्ते मात्र चालू, निवृत्तिवेतनासाठी.
काल जेवणाच्या सुट्टीत उगीच विचारलं:
एकशे सतरावर कोण कोण होतं?
दोनशे नऊ ओळी आल्या,
क्रम मी मागितला नव्हता,
आणि न मागता तो मिळत नाही.
मधेच कुठेतरी उर्हो,
तारखेसकट,
एकदाच.