गैरहजर

उद्यमनगरात, आमच्या फौंड्रीत
अंगठ्याचं मशीन बसलं. नारळ मीच फोडला.
रांगेत पहिला कृष्णात मामा, मोल्डर,
तीस वर्षं वाळूत हात.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
मामानं अंगठा विजारीला पुसला, थुंकी लावली,
शेवटी दम दिला, "ए, वळख की गा!"

रेघा कधीच वाळूत गेल्या होत्या.

महिनाभर मामा रोज आला, साचे भरले,
माझ्या डब्यातला खर्डा अर्धा संपवला,
आणि मगदूम मॅडमच्या कागदावर
सव्वीस दिवस गैरहजर.
"सिस्टीम सांगतेय," मॅडम म्हणाल्या,
सिस्टीम त्यांच्या माहेरची असल्यासारखं.

मग सतरा तारखेचा माल तडकलेला निघाला.
मालक शेडमध्ये, लालबुंद,
"हे कास्टिंग कुणाचं?"
सगळे गप. भट्टीसुद्धा.
मामा तंबाखू मळत होता
(त्या कामाला अंगठा अजून चालतो),
म्हणाला, "सतराला म्या नव्हतोच की ओ मालक.
मशीनला इचारा."

हजेरीची जुनी वही
परत माझ्या टेबलावर आली.
मशीन काढलं, खिळा राहिला.
त्याला मामाची पिशवी असते,
रोज, आठच्या आधी.