धडा अकरावा

लक्ष्मीपुरीत बियाण्यांच्या दुकानावर माझा क्लास.
जिन्यातून खताचा वास वर येतो.
पुस्तक परदेशी, मुखपृष्ठावर हसरी माणसं,
अकराव्या धड्यात मात्र
एका उंच शहरावर उल्का कोसळतेय
आणि खाली सूचना :
जोडीदाराशी चर्चा करा.

मी फळ्यावर लिहितो,
अ‍ॅस्टेरॉइड. मेल्टडाऊन. एक्स्टिंक्शन.
त्सुनामीतला टी मुका.
ड्राउटमधले जी आणि एच, दोघंही मुके.
"संकटात मुकेच लई की हो सर,"
रावसो चौगुले म्हणतात.
शिरोलीच्या फाउंड्रीतून येतात थेट,
नखांत काळी वाळू घेऊन.

एपोकॅलिप्स कुणाच्याच जिभेवर बसत नाही.
बाळेश त्याचं अप्पाकलिप्स करतो
आणि गडहिंग्लजच्या आप्पांची गोष्ट काढतो,
ग्रहणाला जग बुडणार म्हणून
सगळ्या कोंबड्या एका दिवसात कापल्या,
दुसऱ्या दिवशी अंडी उधार आणली.

मग फ्यूचर परफेक्ट.
तोवर जग संपलेलं असेल.
नजमा मुजावर मान वर करते,
"संपलेलं असेल तर हे वाक्य म्हणायचं कोणी?"
सीपीआरमध्ये रात्रपाळीला असते, आयर्लंडला जायचंय.
पॅनडेमिकचं स्पेलिंग
तिनं मला कधी विचारलं नाही.

इव्हॅक्युएशन.
"ह्यो येतोय मला,"
मागच्या बाकावरून उज्ज्वला रेडेकर. चिखलीची.
"होडीत माणसं बसली. म्हशींना जागा न्हवती.
मी गोठ्यात गेलो, कमरंएवढं पाणी,
अंधारात चाचपून सात दावी सोडली.
सर, दावं सोडायला काय म्हणायचं?"

अनटाय, मी म्हणालो. रिलीज. सेट फ्री.
तिनं तिन्ही लिहून घेतले.
मग तिन्ही खोडले.
"फ्री न्हवं सर.
जगा न्हाईतर मरा, तुमचं तुम्ही बघा, असं."

डिक्शनरी माझ्या हाताशीच होती,
मी ती उघडली नाही.

रावसोंचा मोबाईल थरथरला.
राजाराम बंधारा, एकोणचाळीस फूट चार इंच.
आणि वर्ग एकदम बोलायला लागला,
लेव्हल, अलर्ट, डेंजर, क्युसेक,
गेट नंबर सहा ओपन,
एक उच्चार चुकला नाही कुणाचा.
महिनाभर मी ह्यांना तोंड उघडा म्हणतोय.

राधानगरीतून विसर्ग वाढवला, बाळेश वाचत होता.
पूर्वी मी शाळेत मराठी शिकवायचो.
विसर्ग म्हणजे दोन टिंबं, दुःखातली,
पोरं हमखास विसरायची,
मी लाल शाईनं भरून काढायचो, वह्यांमागून वह्या.
धरणातून सोडतात तोही हाच शब्द, हे मला
घराच्या जिन्यात, सातव्या पायरीवर बसून कळलं,
सहावी पाण्यात होती.
हे मी वर्गात सांगितलं नाही.
वेळ संपली होती, आणि रावसोंना
पुलावरून पलीकडे जायचं होतं.

धड्याशेवटी स्वाध्याय असतो :
जग संपणार आहे. कोणत्या तीन गोष्टी बरोबर न्याल?
आज सगळ्यांच्या वह्या घरी आणल्यात.
रावसो : मोबाईल, चार्जर, आधार कार्ड.
बाळेश : जेवण, जेवण आणि कोल्हापुरी मसाला.
नजमा : पासपोर्ट. पुढच्या दोन ओळी कोऱ्या.
उज्ज्वलानं सात नावं लिहिलीत,
कॅपिटल अक्षरांत, एकाखाली एक,
मोरी, बिजली, गुंडी, तुरेवाली,
थोरली हरणी, धाकटी हरणी,
आणि सातवं आधी लिहून, पुसून, परत लिहिलेलं,
मला ते लागत नाही.

विचारल्या होत्या तीनच.
मार्क कापायचे की नाही,
लाल पेनाचं टोपण काढून बसलोय कधीचा.
बंधाऱ्यावर चाळीस फूट.